एका रोग्याची तीन शेवटची पानं

रविवारी सकाळी अकराला पाच कमी असताना चार हजार डॉक्टर आपापल्या पडद्यासमोर येऊन बसायचे. डॉक्टर म्हणतेय मी, अंगाऱ्यासाठी रांग लावणारे भोळे गावकरी नव्हेत. एमडी झालेले, डीएनबी झालेले, कोणी विलायतेची परीक्षा देऊन आलेले. चॅटमध्ये जोडलेल्या हातांची रांग लागायची. गाझियाबादहून प्रणाम, फरीदाबादहून चरणस्पर्श, आणि गुडगावची एक बाई दर रविवारी न चुकता लिहायची की सरांचा आवाज ऐकला की तिची अर्धशिशी थांबते. ही बाई स्वतः मेंदूविकारतज्ज्ञ होती.

मग चैतन्य सर प्रकट व्हायचे. नोएडाच्या अठराव्या मजल्यावरचा फ्लॅट, मागे काचेचं कपाट, कपाटात जाडजूड पुस्तकं, अंगात खादीचा पांढरा सदरा. एखादा तरुण डॉक्टर आपल्या रोग्याची हकिकत वाचायचा. नियम असा, की सगळी केस एकाच स्लाइडवर बसली पाहिजे, पाल्हाळ चालणार नाही. वाचून झालं की सर डोळे मिटायचे, तीन प्रश्न विचारायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि रोगाचं नाव सांगायचे. त्यानंतर तो तरुण केसपेपरचं शेवटचं पान पडद्यावर आणायचा, म्हणजे ज्यावर तपासणीचा पक्का रिपोर्ट असतो ते पान. तिथे तेच नाव असायचं. एकसष्ट केस झाल्या होत्या आणि एकसष्टच्या एकसष्ट बरोबर.

"बीमारी बोलती है," सर म्हणायचे. "बस, सुनने वाला कान चाहिए." आणि चार हजार शिकलीसवरलेली माणसं ते वाक्य वहीत उतरवून घ्यायची.

मी सुमित्रा. एकतीस वर्षं दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिन शिकवलं, आता निवृत्त. मुलगा सुधन्वा केंद्राच्या एका मंत्रालयात आहे, त्याच्या लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. दर गुरुवारी मीसुद्धा ऑनलाइन केस चर्चा घेते. माझ्याकडे अकरा जण येतात, त्यातले दोघं कॅमेरा बंद करून भाजी निवडतात. माझी पद्धत कंटाळवाणी. रोग्याचं सगळं ऐकायचं, काय वाटतं आणि का वाटतं ते सगळ्यांसमोर बोलायचं, आणि कशानं आपण चूक ठरू तेही आधीच लिहून ठेवायचं. गेल्या पन्नास केसमध्ये मी स्वतः एकोणीस वेळा चुकले. अशा बाईचा फोटो कोण लावणार? सरांचा मला मत्सर होता का? होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला शोधून काढायचे कष्ट नकोत.

आता कृष्णाबाईंचं सांगते. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. मूळच्या साताऱ्याकडच्या, पंचावन्नच्या आत-बाहेर, बोलायला लागल्या की जिन्यात अर्धा तास गेलाच समजा. यजमान गुणवंत केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, ते तितकेच अबोल. दोघांच्या वाटचं कृष्णाबाई बोलायच्या. त्या मंगळवारी त्या मला जिन्यात भेटल्या, कठड्याला धरून उभ्या. अंगावरचं मांस गेलेलं, चेहरा पांढराफटक.

सहा आठवडे बारीक ताप होता. सरोजिनी नगरच्या एका नर्सिंग होममध्ये दाखवलं होतं, टीबी निघाला म्हणे, गोळ्या चालू होऊन दोन आठवडे झाले, पण ताप हटत नव्हता. "आणि सुमित्राताई, ती दाढ काढली ना दिवाळीनंतर, तेव्हापासून माझी गाडी जी घसरली, ती घसरलीच. भाकरीसुद्धा चहात बुडवून खाते," असं त्या हसून म्हणाल्या.

मी तिथेच त्यांची नाडी धरली. नखाखाली दोन बारीक लाल रेषा दिसल्या, कुसळ रुतल्यासारख्या. दाढ काढल्यावर ताप, वजन उतरणं, नखाखाली रेषा. हे वाचणाऱ्यांत कोणी डॉक्टर असेल तर तो आत्ताच खुर्चीत सावरून बसला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. तोंडातले जंतू दाढेच्या जखमेतून रक्तात उतरतात, हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतात आणि तिथे घर करतात. त्या घराचा एखादा तुकडा सुटला आणि मेंदूकडे गेला, की माणूस एका क्षणात लुळा पडतो. वेळेवर ओळखलं तर शिरेतून प्रतिजैविकं देऊन बरा होतो. ओळखायला रक्ताचं कल्चर लागतं, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघणं. अवघड काही नाही, कोणत्याही गल्लीतल्या लॅबमध्ये होतं.

त्यांना बघणारी डॉक्टर निघाली स्वरूपा. माझीच विद्यार्थिनी, दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी, हुशार, आणि चैतन्य सरांची निस्सीम भक्त. सरांनी त्या महिन्यापासून 'लाइव्ह केस' सुरू केल्या होत्या. म्हणजे शेवटचं पान अजून लिहिलंच गेलं नाही असा रोगी आणायचा, आणि सर ते पान तोंडी लिहिणार. स्वरूपानं कृष्णाबाईंची केस तिथे नेली. सरांनी डोळे मिटले, तीन प्रश्न विचारले आणि टीबी म्हणाले. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या, आणि सरांच्या यादीत बासष्टावी केस बरोबर म्हणून चढलीसुद्धा. रोगी बरा व्हायची वाट बघायला भक्तांना सवड कुठली.

मी स्वरूपाला फोन केला. दाढेचं विचारलं. तिला ठाऊक होतं, पण तिच्या मते त्याचा इथे संबंध नव्हता.

"छातीला स्टेथोस्कोप लावलास तेव्हा काय ऐकलंस?" मी विचारलं.

"थोडा मर्मर होता, मॅम. पण रक्त कमी आहे ना त्यांचं, त्यामुळे असतोच."

हृदयातून येणारा तो जादा फुसफुस आवाज. झडप बिघडली की तो येतो. "मग स्लाइडवर का नाही लिहिलास?"

"स्लाइड क्लीन ठेवायची असते, मॅम," स्वरूपा म्हणाली. आणि मग जरा थांबून, "सरांनी रोगाचं बोलणं ऐकलंय. तुम्ही गुरुवारी एकोणीस वेळा चुकलात, तुम्हीच सांगता. ते एकदाही नाही चुकले."

फोन ठेवल्यावर माझी कानशिलं तापली. आता इथे नीट ऐका, कारण पुढचं सगळं या जागेवरून निघालं आहे. दोन जिने उतरून मी गुणवंतांना सांगू शकत होते, की उद्या सकाळी कल्चर करून घ्या. नाही गेले. दुसऱ्या डॉक्टरच्या रोग्यात हात घालायचा नाही, असा आमच्यात एक सभ्य रिवाज आहे, त्याचं पांघरूण मी ओढून घेतलं. पांघरुणाखाली काय होतं? खुमखुमी. मला स्वरूपाचा देव तिच्या डोळ्यांदेखत फोडायचा होता. देव फुटला की ती आपणहून कल्चर करेल, असा माझा हिशेब होता.

देव फोडायला आधी त्याची कळ कुठे आहे ते शोधावं लागतं. मी कृष्णाबाईंच्या केसचं रेकॉर्डिंग लावलं. स्लाइडवर सहा ओळी होत्या. संध्याकाळचा ताप, घाम, वजन घटणं, भूक नाही, शेजारच्या घरात टीबीचा रोगी, आणि खोकला नाही. दाढ नव्हती, मर्मर नव्हता, नखं नव्हती. सरांनी खोकल्याचं विचारलं तेव्हा स्वरूपा नुसती "नहीं सर" म्हणाली. शेजाऱ्याचं विचारलं तेव्हा तिचा आवाज उजळला, "बिल्कुल सर, बिल्कुल." मग मी जुनी रेकॉर्डिंग्ज एकामागून एक ऐकली. चौदा ऐकली आणि हसायला लागले. उत्तर ठाऊक असलेला माणूस स्लाइड बनवणार, त्या उत्तराशी न जुळणारं सगळं पाल्हाळ म्हणून गाळणार, उरलेलं सरांना वाचून दाखवणार, आणि सर त्या उत्तराच्या जवळ आले की "बिल्कुल" म्हणणार. कोंबडी झाकून ठेवायची आणि शेपूट बाहेर काढून विचारायचं, ओळखा पाहू टोपलीत काय आहे.

सर रोग्याचं काही ऐकतच नव्हते, ते रोगी सांगणाऱ्याचं ऐकत होते. शेवटचं पान असलेल्या केसमध्ये सांगणाऱ्याला खरं उत्तर ठाऊक असायचं, म्हणून सर बरोबर यायचे. लाइव्ह केसमध्ये सांगणाऱ्याला नुसता संशय असायचा. सर तो संशय उचलायचे, त्यावर शेंदूर फासायचे आणि प्रसाद म्हणून त्याचाच त्याला परत द्यायचे. स्वरूपाला टीबी वाटला होता, सरांनी तिला टीबी दिला. हे त्यांना स्वतःला कळत होतं का? मला वाटतं, नाही. आणि असला भोंदू सर्वांत वाईट, कारण त्याचा स्वतःवर विश्वास असतो.

माझ्याकडे शिकवायला ठेवलेली एक जुनी फाइल होती, नाव-गाव काळ्या शाईनं झाकलेली. करोल बागेत गाड्यांचे सुटे भाग विकणारा माणूस, चव्वेचाळीस वर्षांचा. चाळीस पानं. ताप, पाठदुखी, घाम, वाढलेली प्लीहा, रक्तपेशी कमी, बिहारमध्ये एका लग्नाला जाऊन आलेला, भावाला पूर्वी टीबी, आणि बाराव्या पानावर एका कोपऱ्यात, मेवातच्या मित्राकडे शेळीचं कच्चं दूध प्यायल्याची नोंद. कल्चरमध्ये त्या दुधातला जंतू निघाला, ब्रुसेलोसिस. तो माणूस बरा होऊन आजही दुकानात बसतो.

त्या फाइलचं शेवटचं पान मी काढलं आणि घरी बसून दोन खोटी टाइप केली. एकावर काळा आजार, म्हणजे मातीच्या घरांतल्या वाळूमाशीमुळे होणारा बिहारकडचा ताप, दुसऱ्यावर मणक्याचा टीबी. माझ्या गुरुवारच्या गटातल्या अनिशला पहिलं पान जोडलेली फाइल दिली, मैत्रेयीला दुसरं जोडलेली. दोघांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं, पान खोटं आहे हेही नाही. छान केस आहे, सरांकडे ने, एवढंच मी म्हणाले. दोघंही खूश झाले.

सरांच्या माणसानं अनिशला येत्याच रविवारची वेळ दिली, मैत्रेयीला पुढच्या. अनिशनं मला विचारलं. मी म्हटलं, थांब, तूही पुढच्याच रविवारी घे. एकाच दिवशी, एकाच रोग्याची, लागोपाठ दोन निदानं. एकट्या अनिशनंसुद्धा भांडं फुटलं असतं. पण मला ते दणक्यात फोडायचं होतं. म्हणून एक आठवडा गेला. तो आठवडा माझा.

त्या आठवड्यात कृष्णाबाई मला एकदा गच्चीवर दिसल्या, कपडे वाळत घालताना. जरा दमतेय, म्हणाल्या. मी म्हटलं, रविवारपर्यंत कळ काढा.

रविवार उजाडला. अनिशची स्लाइड देखणी होती. बिहारचं लग्न, ताप, वाढलेली प्लीहा, पेशी कमी. पाठदुखी गाळलेली, दूध गाळलेलं. सरांनी डोळे मिटले, लग्नाच्या गावात मातीची घरं होती का विचारलं, अनिश "बिल्कुल" म्हणाला, सरांनी श्वास घेतला. "काला आज़ार." माझं खोटं पान पडद्यावर आलं. जोडलेल्या हातांचा पूर लोटला.

मग मैत्रेयी आली. पाठदुखी, संध्याकाळचा ताप, घाम, भावाचा टीबी. बिहार नाही, प्लीहा नाही. तोच माणूस, तेच रक्त, तीच फाइल. सरांनी पुन्हा डोळे मिटले. ज्यांचा कान रोगाची कुजबुज ऐकतो, त्यांना अर्ध्या तासापूर्वीचा रोगी पुन्हा समोर आलेला ओळखू आला नाही. "रीढ़ की टीबी," ते म्हणाले, आणि वर पाठीच्या मणक्याच्या दुःखावर एक शेरसुद्धा ऐकवला.

मी हात वर केला. बोलायची पाळी येईपर्यंत आमच्या दाराची बेल वाजली. सुधन्वा बाजारात गेला होता. इस्त्रीवाला असेल, मी म्हटलं. बेल पुन्हा वाजली. मला बोलायची खूण आली होती. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

मग मी तीनही पानं शेजारी शेजारी ठेवली. दोन मी घरी टाइप केलेली, तिसरं खरं. सगळ्यांना सांगितलं की हा एकच माणूस आहे आणि त्याला या दोन्हींतला एकही रोग नव्हता. सर लालबुंद झाले. हा सापळा आहे, सादर करणाऱ्यांनी माहिती दडवली, असं म्हणाले. मी म्हटलं, दडवली नाही, तुमच्या नियमाप्रमाणे स्लाइड स्वच्छ केली. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं होतं फक्त माझं पान, आणि तुम्ही दोन्ही वेळा तेच वाचलंत. माणसाचं तोंड बघून पान वाचता येतं, हे कसब जत्रेत चांगलं चालेल. दवाखान्यात त्यानं माणसं मरतात.

चॅटमध्ये एकच ओळ आली, स्वरूपाची. "मॅम, माझ्या पेशंटचं शेवटचं पान कोणी लिहिलं?"

मी जिंकले होते. ताडकन उठून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिन्यात गुणवंतांची एक चप्पल पडली होती.

कृष्णाबाई कणीक मळता मळता परातीवर कलंडल्या होत्या. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. गुणवंतांनी वर येऊन तीनदा बेल वाजवली, दार उघडलं नाही, मग शेजाऱ्यांच्या मदतीनं ऑटोत घालून रुग्णालयात नेलं. खाली शेजाऱ्यांकडून कळल्यावर मी, आणि गुणवंतांचा फोन आल्यावर स्वरूपा, दोघी तिथे एकाच वेळी पोचलो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट रक्त घ्यायला धावली. तिसऱ्या दिवशी कल्चरमध्ये तोंडातलेच जंतू निघाले. झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता.

सगळे मला विचारतात, दार उघडलं असतं तर? डॉक्टर म्हणून उत्तर देते. त्या वीस मिनिटांनी फरक पडला नसता. या रोगात गुठळी विरघळवायचं औषध देतच नाहीत, मेंदूत रक्तस्राव होतो. फरक पडला असता तो आधीच्या आठवड्यानं. दारावरून मला शिव्या द्याल तर ते चुकीचं निदान होईल. शिव्या बरोबर जागी द्या.

अनिशनं माझा गट सोडला. खोटं पान देऊन मला चार हजार लोकांत नाचवलंत, म्हणाला. त्याचा आरोप खोटा नव्हता. चैतन्य सरांनी पुढच्या रविवारी ही आपली अग्निपरीक्षा होती असं जाहीर केलं, आणि त्या दिवशी पाच हजार जण आले. गुडगावच्या बाईंची अर्धशिशी पुन्हा थांबली. स्वरूपा आता माझ्याकडे गुरुवारी येते. केस सांगताना दाढसुद्धा सांगते, मर्मरसुद्धा सांगते, आणि कितीही वेळ लागला तरी मी तिला थांबवत नाही.

सहा आठवड्यांनी कृष्णाबाई घरी आल्या. जंतू गेले, उजवा हात गेला, आणि सगळ्या बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला, "हो". मी खाली गेले. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, जिन्यातली नखं, तो रिवाज, तो आठवडा. मला कळलं होतं आणि मी थांबले, म्हणाले. माफ कराल का, असं विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्या. "हो," म्हणाल्या.

गुणवंतांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बघा मॅडम, माफ केलं तिनं. देवमाणूस आहे ती."

फार गोड वाटलं मला. तिथेच उठून घरी गेले असते तर आयुष्यभर पुरलं असतं. पण मी चार हजार लोकांना जे ऐकवून आले होते, ते स्वतःला कधी ऐकवणार?

"कृष्णाबाई," मी विचारलं, "मी तुमची सासू आहे का?"

"हो."

"आपण आत्ता साताऱ्यात आहोत का?"

"हो," त्या म्हणाल्या, तितकंच हसून.

गुणवंत उठून आत गेले. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यांच्या घरात उरलेली तेवढी एक गोष्ट मी त्यांच्या हातून काढून घेतली, हे मला कळत होतं. पण तो शब्द माफी नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूला झालेली जखम होती ती, आणि त्या जखमेला माफी म्हणून मी पदरात बांधून घेतलं असतं, तर माझ्यात आणि चैतन्य सरांत सदऱ्याचा तेवढा फरक उरला असता.

म्हणून वाचणाऱ्यांना, डॉक्टर असोत की रोगी, एवढंच सांगते. ज्या प्रश्नाला "नाही" असंही उत्तर येऊ शकतं, तोच प्रश्न विचारा. गुरूला विचारा, डॉक्टरला विचारा, आणि सगळ्यांत आधी स्वतःला विचारा, लगेच, त्याच दिवशी, रविवारची वाट न बघता. कृष्णाबाईंच्या रक्ताला तो प्रश्न मी त्या मंगळवारीच विचारला असता तर चाललं असतं.